रोल जमा करायचा

जालन्यात त्या काळी फोटोग्राफरला दोनच ठिकाणी मान होता. लग्नात आणि मयतीला. लग्नात नवरदेवाच्या आधी आम्हाला चहा मिळायचा, आणि मयतीला तिरडी उचलायची थांबवून लोक म्हणायचे, "थांबा, फोटोवाला येऊन राह्यला." मग मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, पाठीमागं उशी लावायची, डोक्यावर टोपी घालायची आणि फोटो काढायचा. जिवंतपणी कधी धड न बसलेला माणूस त्या दिवशी बिलकुल हलायचा नाही, हा आमच्या धंद्यातला एकच आराम.

माझा स्टुडिओ नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर होता. खालून ज्वारीच्या पोत्यांचा औषध मारलेला वास यायचा आणि वर माझ्या फोटो धुण्याच्या रसायनांचा. कोणता कुठला ते सांगता यायचं नाही. वडील केदारखेड्याला शाळामास्तर. आमचं घर छप्पन सालच्या दीक्षेचं, त्यामुळे पोरानं शिकून साहेब व्हावं याशिवाय दुसरी कसलीच इच्छा त्यांना नव्हती. मी शिकलो आणि साहेबांचे फोटो काढायला लागलो. वडिलांनी हे बरीच वर्षं मनाला लावून घेतलं होतं.

औरंगाबादच्या एका दैनिकाला मी जालन्याकडचे फोटो पाठवायचो. पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं आणि नशिबावर सोडायचं. दैनिकानं मला एक प्रेसकार्ड दिलं होतं. ते मी शर्टाच्या खिशात असं ठेवायचो की अर्धं बाहेर दिसावं. त्या कार्डाचा उपयोग आजवर एकदाच झाला होता, सायकल चोरीला गेली तेव्हा. फौजदारांनी मला खुर्ची दिली. सायकल मिळाली नाही.

आणीबाणीचे दिवस होते. आणीबाणीची गंमत अशी की ती कुणालाही वापरता यायची. रेशनचा दुकानदार साखर संपली हे सांगताना "सध्याची परिस्थिती" म्हणायचा, आणि हेडमास्तर पोरांना उठाबशा काढायला लावताना तेच म्हणायचे. परिस्थिती म्हणजे नेमकं काय हे विचारायची सोय नव्हती, त्यामुळे सगळ्यांचं बराबर चाललं होतं.

त्यातच गावात कव्वाली ठरली. मुलींच्या शाळेला हॉल बांधायचा होता, त्याच्या मदतीसाठी. समितीचे अध्यक्ष होते कापसाची जिनिंग असलेले एक शेठजी. गाणारी बाई मुंबईची, तेव्हा तिच्या रेकॉर्डी हॉटेलाहॉटेलात वाजायच्या. प्रोग्राम शेठजींच्याच जिनिंगच्या आवारात होता. तीर्थपुरीकडून, भोकरदनकडून माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून येणार होती. माझ्या संपादकांनी निरोप पाठवला होता की बाईंचा स्टेजवर गातानाचा फोटो पाहिजे, पहिल्या पानाचं बघू. पहिलं पान म्हटल्यावर मी दाढी केली.

दुपारीच आवारात गेलो, तर फाटकावर बोर्ड. "फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. कॅमेरा जप्त करण्यात येईल. हुकमावरून." हुकूम कुणाचा हे लिहिलेलं नव्हतं. आत बाईंचा मॅनेजर भेटला. सफारी, काळा चष्मा, हातात पेटीची किल्ली असावी तशी सिगारेटची डबी. मी कार्ड पुढं केलं. त्यानं ते न बघताच सांगितलं, "प्रेसवाल्यांना परवानगी आहे. पण दोरीच्या मागून. पहिली कव्वाली होईपर्यंतच. आणि जाताना रोल माझ्याकडे जमा करायचा."

"रोल जमा करायचा म्हणजे?"

"म्हणजे कॅमेऱ्यातून काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा."

"मंग पेपरात काय छापू?"

"आम्ही मुंबईहून पाठवू ना तुम्हाला एक चांगला."

"रोल माझा आहे."

"चेहरा बाईंचा आहे," तो म्हणाला. "कॅमेरा तुमचा. तो घेऊन जा की, कोण अडवतंय?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "रोल तर मी बी देणार न्हाई."

हे चाचा. जुन्या जालन्यात त्यांचा स्टुडिओ होता, माझ्यापेक्षा कितीतरी जुना. वरून मान वाकवून बघायचा कॅमेरा गळ्यात, खिशात फ्लॅशचे बल्ब, बोटं रसायनानं पिवळी. आमचं बोलणं बंद होतं. एका लग्नात मुलीकडच्यांनी त्यांना बोलावलं होतं आणि मुलाकडच्यांनी मला, आणि मंगलाष्टकं चालू असताना आम्ही दोघं एकाच खुर्चीवर चढलो होतो. खुर्ची मोडली. अक्षता बऱ्याचशा आमच्यावर पडल्या. तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आलो की दोघंही आकाशाकडे बघायचो.

त्या दिवशी चाचा सरळ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मॅनेजरला म्हणाले, "निगेटिव म्हणजे आमची जमीन हाय. पीक पाहिजे तेवढं न्या. जमीनच मागून राह्यले तुम्ही."

मॅनेजरनं खांदे उडवले. "मग कॅमेरे फाटकावर ठेवा आणि नुसती कव्वाली ऐका."

आम्ही बाहेर आलो. फाटकासमोर एक बाभूळ होती, तिच्याखाली बसलो. चाचांनी बिडी पेटवली, मलाही दिली. मी ओढत नव्हतो, पण घेतली. खुर्चीचा विषय कुणीच काढला नाही. थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "शेठजीचा सत्कार हाय ना आज?"

होता. औरंगाबादहून एक मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्या हातून शेठजींना हार घालायचा होता. त्यासाठी शेठजींनी हैदराबादहून शेरवानी शिवून आणली होती. सत्काराचे फोटो काढायचं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि नंतर कळलं की चाचांनाही सांगितलं होतं, एखादा बिघडला तर दुसरा असावा म्हणून.

"मंग बोर्डावर काय लिव्हलंय?" चाचा म्हणाले. "फोटो काढण्यास मनाई. कुणाचा ते लिव्हलंय का?"

आम्ही उठून शेठजींकडे गेलो. ते ऑफिसात शेरवानीची गळ्याची बटणं लावून बघत होते. मी म्हणालो, "शेठजी, आम्ही चाललो. बोर्ड वाचला."

"तो तुमच्यासाठी नाही. तो बाईंच्या फोटोसाठी आहे."

"बोर्डावर तसं न्हाई," चाचा म्हणाले.

"बोर्ड मीच लावलाय."

"म्हणूनच म्हणतो. तुम्हीच लावलेला बोर्ड तुम्हीच कसा मोडणार? सध्याची परिस्थिती बघता बरं दिसत न्हाई."

शेठजींनी वरचं बटण सोडलं. "सत्काराचा फोटो म्हणजे काय कव्वालीचा फोटो आहे का?"

"स्टेज एकच हाय," चाचा म्हणाले.

"अरे, पण फोटो नाही तर मग साहेबांनी हार घातला हे लोकांना कळणार कसं?"

"समोर बसलेल्यांना कळंल की."

समोर बसलेल्यांचं शेठजींना काहीच पडलेलं नव्हतं. हार घालून घेण्याची हौस फोटोसाठी असते, एरवी झेंडूचा तो ओला हार गळ्यात कुणाला पाहिजे असतो? शेठजींनी फौजदारांना बोलावलं. फौजदार आले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघा, हल्ली पेपरात काय जातं ते आधी दाखवावं लागतं. कव्वालीतसुद्धा काही असू शकतं. तुम्ही फोटो काढले तर ते ठाण्यात दाखवा. आणि नाही काढले तर का नाही काढले ते लिहून द्या." मग मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाईंच्या शेजारी माझा एक निघाला तर बघा."

शेवटी शेठजी स्वतः बाईंकडे गेले आणि तासाभरानं आम्हा दोघांना आत बोलावणं आलं.

बाई शेठजींच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या होत्या. रेकॉर्डच्या कव्हरावरची बाई माझ्या डोळ्यांपुढे होती, झगमगती. समोर बसली होती ती चष्मा लावलेली, साध्या सुती साडीतली, पोक्त बाई. मांडीवर परडी घेऊन भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. आवाजाला बऱ्या नसतात म्हणे शेंगा, पण गावाकडच्या दिसल्या की राहवत नाही, असं तिनंच सांगितलं. मूळची परभणीकडची, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच.

"फोटोसाठी का अडून बसलात?" तिनं विचारलं.

मी प्रेसचं स्वातंत्र्य वगैरे सुरू केलं. तिनं दाणे तोंडात टाकत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं तुमचं? आता माझं ऐका. एका गावात तुमच्यासारख्यानंच माझा फोटो काढला. गाताना. तोंड उघडं, बट कपाळावर. मला वाटलं पेपरवाला असंल. वर्षानं तो फोटो तंबाखूच्या पुडीवर आला. मुंबईत माझ्या पोरीच्या शाळेसमोर टपरी हाय. तिथं त्या पुड्यांच्या माळा लटकायच्या. म्हणजे मीच लटकले होते, वरपासून खालपर्यंत. पोरगी घरी येऊन म्हणाली, अम्मी, तू तंबाखू विकतेस का? तिच्या वर्गातल्या पोरी तिला पुडी म्हणायला लागल्या. मी शाळा बदलली तिची. टपरी कशी बदलू?"

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. बाईंनी आणखी एक शेंग फोडली.

"रेकॉर्डवाले आवाज नेतात, तर कराराचा कागद करतात," ती म्हणाली. "चेहरा कुणीबी उचलून नेतो. म्हणून मी तेव्हाच सांगितलं, आजपासून फोटो न्हाई."

"तुमचं खरं आहे," मी म्हणालो. "पण मंग रोल कशाला पाहिजे?"

"कोणता रोल?"

"मॅनेजर जमा करतात तो."

"ते तर म्हणाले, तुम्ही फोटो काढायचा हट्ट धरलाय म्हणून भांडण हाय." तिनं परडी खाली ठेवली. "मी फोटो काढूच नका म्हणले होते. जमा करा कुठं म्हणले?"

मॅनेजर दारातच उभा होता. बाईंनी विचारलं, "आजवरचे रोल कुठं हायत?"

"सांभाळून ठेवलेत."

"कुठं?"

"मुंबईला."

"मुंबईला कुठं?"

त्यानं काळा चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला. खोलीत ऊन नव्हतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या पुडीवरचा फोटो कुठून कसा फिरला असेल याचा विचार आम्ही तिघंही करत होतो, आणि चौथा करत नव्हता कारण त्याला गरज नव्हती. पण बाईंनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "जा, हार्मोनियम उतरवून घ्या." तो गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "त्याचा भाऊ माझ्याकडे ढोलक वाजवतो. अन् असा ढोलक वाजवणारा दुसरा न्हाई. काय करू?"

मग त्यांनी स्वतःच अटी घातल्या. रोल ज्याचा त्याच्याकडे. पण त्यांना दाखवल्याशिवाय एकही फोटो छापायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. आणि तोंड उघडं असताना काढायचा नाही. "मी असा हात वर करून थांबेन," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पुढं केला. "तोंड मिटलेलं असंल. तेव्हा काढा." चाचा म्हणाले, "कबूल." मीही म्हणालो. सकाळच्या गाडीनं त्या जाणार होत्या. त्याआधी स्टेशनवर फोटो दाखवायचं ठरलं.

निघताना चाचांनी विचारलं, "अन् शेठजीचा सत्कार?"

"त्यांचं तोंड कसंबी असू द्या," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी दिवे लागले. आवार गच्च भरलं होतं. कापसाच्या गठड्यांवर माणसं बसली होती, भिंतीवर बसली होती. आधी सत्कार. साहेबांनी हार घातला आणि नेमका चाचांचा बल्ब पेटला नाही. शेठजींनी हार स्वतःच काढून साहेबांच्या हातात परत दिला. दुसऱ्या वेळी मी रोल पुढं सरकवायला विसरलो. साहेबांनी तिसऱ्यांदा हार घातला तेव्हा झेंडूची अर्धी फुलं गळून गेली होती आणि लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या होत्या, पण शेठजींचा चेहरा असा उजळला होता की फ्लॅशची गरज नव्हती. फौजदार बंदोबस्त म्हणून स्टेजवर चढले होते आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यातून थोडे थोडे आत येत होते.

मग बाई बसल्या. दुपारच्या त्या शेंगा सोलणाऱ्या बाईचा पत्ता नव्हता. पहिला सूर लागला आणि भिंतीवरची माणसंसुद्धा गप्प झाली. मी आणि चाचा दोरीच्या अलीकडे गुडघ्यावर, नजर त्यांच्या उजव्या हाताकडे. हात वर झाला. आम्ही फोटो काढला. पण तोंड मिटलेलं नव्हतं. वाटलं, चुकलं असेल. पुन्हा हात वर, पुन्हा तोंड उघडं. तेव्हा कळलं. कव्वाली गाणाऱ्याचा हात सुराबरोबर वर जातोच, तो कुणाला खुणावत नसतो, त्याच्याशिवाय वरचा सूर निघत नाही. दुपारी खोलीत ठरवताना बाईंना स्वतःलाही हे आठवलं नसावं. स्वतःला गाताना त्यांनी कधी बघितलं होतं?

"काय करू?" मी चाचांना विचारलं.

"हात वर हाय ना? मंग काढ."

बाईंनाही आमची अडचण दिसली असावी. मधल्या एका जागी त्यांनी गाता गाता दोन फोटोवाल्यांवर ओळी रचल्या. एकाची मान वाकलेली, दुसऱ्याचे गुडघे मोडलेले, आणि दोघंही हसीनेच्या चेहऱ्यापेक्षा हाताकडेच बघतायत, अशा काहीतरी. सगळं आवार आमच्याकडे बघून हसलं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघत होते आणि मी फोटो काढत होतो.

सकाळी ओलसर फोटो वर्तमानपत्राच्या घडीत घालून मी आणि चाचा स्टेशनवर गेलो. मनमाडकडची गाडी फलाटाला लागली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. सगळ्यांत तोंड उघडं. मॅनेजर मागं उभा राहून म्हणाला, "मी सांगत होतो, यांचं ऐकू नका."

बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या रोलमधला एक फोटो वेगळा काढून बराच वेळ बघितला. त्यात मानेच्या शिरा ताठ झालेल्या, डोळे गच्च मिटलेले, कपाळावरची टिकली घामानं सरकलेली, आणि तोंड एवढं उघडं की आतली सोन्याची दाढ चमकत होती.

"ही बाई ओरडून राह्यली," त्या म्हणाल्या.

"गातेय," मी म्हणालो.

"फोटोत काय ऐकू येतं?" त्यांनी फोटो लांब धरला, जवळ आणला. मग हसल्या. "हा छापा. हा तंबाखूवर कुणी लावणार न्हाई. बघूनच ठसका लागंल." बाकीचे त्यांनी फाडले नाहीत, पर्समध्ये ठेवले. म्हणाल्या, पोरीला दाखवीन, तिनं मला स्टेजवर गाताना कधी बघितलंच न्हाई. निगेटिवबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. गाडी हलली तेव्हा चाचांनी टोपी काढून हात वर केला आणि आतून बाईंनीही केला. त्या वेळी मात्र तोंड मिटलेलं होतं आणि आमच्या कुणाच्याही कॅमेऱ्यात रोल शिल्लक नव्हता.

तो फोटो आणि सत्काराचा एक, असे दोन मी ठाण्यात दाखवून कंडक्टरकडे दिले. फौजदारांनी पहिल्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्यात स्वतःचा कान शोधला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. शेठजी, साहेब, हार. बाईंचं नाव शेवटच्या ओळीत. बाईंचा फोटो कुठंच नाही.

मला राग आला. एवढी सगळी भांडणं, अटी, रात्रभरचं धुणं, आणि छापलं काय तर झेंडूची फुलं. मी तसाच बसमध्ये बसून औरंगाबादला गेलो. संपादक जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"बाईंचा फोटो का नाही छापला?" मी विचारलं.

"चांगला आहे," ते म्हणाले. "फारच चांगला आहे. पण तोंड उघडं आहे."

"गात होत्या त्या."

"मला माहीत आहे. ज्यांना दाखवावा लागतो त्यांना माहीत नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सध्या तोंड उघडं असलेला कुणाचाही फोटो नको म्हणतात. मागच्या आठवड्यात जांभई देणारं माकड परत आलंय."

ते विनोद करतायत की काय हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून शोधत होतो. ते जेवत होते. त्यांनी मलाही अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. मी खाल्ला, फोटो परत घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं जालन्याला आलो.

उतरल्यावर घरी न जाता पूल ओलांडून चाचांच्या स्टुडिओवर गेलो. त्यांना सगळं सांगितलं. माकडावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी तो फोटो मागून घेतला, दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाजवळ नेला.

"फोकस जरा पुढं आलाय," ते म्हणाले. "माइकवर गेलाय."

मी बघितलं. खरंच माइकच्या जाळीची भोकं मोजता येत होती आणि बाई किंचित अस्पष्ट होत्या. इतक्या सगळ्या माणसांच्या नजरेखालून तो फोटो गेला होता आणि हे कुणालाच दिसलं नव्हतं. चाचांनी तो मला परत दिला आणि चहा सांगायला उठले.